स्वखुशीची चौकट

मानवजातीने असत्यावर कायमचा विजय मिळवला होता. फक्त त्यासाठी नवा ब्राउझर लागत असे.

विवाहनोंदणीच्या फॉर्ममध्ये हेमांगीने 'स्वखुशीने' असं टाइप केलं. फॉर्मने जागच्या जागी तिच्या बोटांची नाडी तपासली आणि चौकट लाल केली.

"खरं सांग, कोण आहे तो?" नवरदेव निशिकांत म्हणाला.

"कुणी नाही रे!"

"मग फॉर्म काय खोटं बोलतोय?"

कारकून सोनटक्क्यांनी दुसरा ब्राउझर उघडून दिला. त्यात दोघांनीही टाइप केल्यावर हेमांगी हिरवी ठरली आणि निशिकांत लाल.

"आता तू बोल. कोण आहे ती?"

बाहेर वऱ्हाड जेवायला खोळंबलं होतं.

शेवटी निशिकांतच आवाज खाली आणून सोनटक्क्यांना म्हणाला, "काका, चौकटी रंगतच नाहीत असा एखादा जुना ब्राउझर असेल, तर बघा ना."