कोरडी वाळू

"भर रे भाऊ, ऊन चढी ऱ्हायनं," बेबाबाई म्हणाली.

रुपचंदच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पण हात काही उचलवेना. समोर पसाभर गव्हावर कोरी घागर, तिच्या गळ्याला कच्चं सूत. बाजूला खरबूज, दोन आंबे, चार सांजोऱ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, ती घरातल्या पुरुषानं. आता या घरात पुरुष उरला कुठला? एकुलता एक योगराज होता, संक्रांतीनंतर तोच गेला. आईनं लेकाची घागर मांडायची, काय हा देवाचा न्याय! म्हणून बेबाबाईनं पाचोऱ्याजवळच्या आपल्या खेड्यात रुपचंदला जळगावहून बोलावून घेतलं होतं. तो आणि योगराज जळगावच्याच एका कारखान्यात, एकाच शेडमध्ये कामाला. योगराज त्याला दादा म्हणायचा.

शेडमध्ये सोडियम. शाळेच्या पुस्तकातला तोच, रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला. इथं मात्र डबेच्या डबे. औषधांच्या कच्च्या मालाला लागतो. साबणाच्या वडीसारखा सुरीनं कापला जातो, आतून चांदीसारखा निघतो आणि बघता बघता काळवंडतो. दिसायला गरीब, पण पाण्याशी उभा दावा. थेंब लागला की पेटतो, जास्त लागलं की फुटतो. म्हणून प्यायच्या पाण्याचा रांजण शेडबाहेर, निंबाखाली. दारात रुपचंद उभा राहायचा आणि एकेकाला म्हणायचा, "हात दाखव." तळवा घामेजलेला दिसला की गडी माघारी. योगराजचे हात तर तो स्वतःच्या रुमालानं पुसून द्यायचा. फरशीवर कुठं ओल दिसली, की आधी बसून पुसायचा आणि मग बोलायचा. पोरं चिडवायची, "दादा, आंघोळ तरी करता का हो?" त्यावर त्याचा ठरलेला प्रश्न, "आग लागली तर काय?" आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "कोरडी वाळू!"

आणि खरंच आग लागली. योगराजच्या घामानं ओलसर पँटवर तुकडा पडला, पेटला, आणि घाबरलेल्या योगराजनं हातातला डबा सोडून दिला. दाराशी वाळूच्या दोन लाल बादल्या भरलेल्या होत्या. रुपचंद त्या ओलांडून बाहेर पळाला, रांजणातून बादलीभर पाणी घेऊन आला आणि त्याच्यावर ओतलं. सांडलेला सोडियम एकदम फुटला. अकरा वर्षं लोकांना शिकवलेलं कुठं गेलं कोण जाणे. आपलं माणूस पेटलं की हात पाण्याकडेच जातो हो. चौकशीत तो म्हणाला, "गडबडीत पाणी कोणी टाकलं ते दिसलं नाही." साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

आज तो सांगायलाच आला होता. सांगून टाकायचं आणि घागरीला हात न लावता निघून जायचं.

"माय," तो म्हणाला. तांब्या त्यानं खाली ठेवला. "मना हातनं नको. त्यानावर पाणी मी टाकं."

पलीकडच्या गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर बसून गात होत्या. बेबाबाईनं कलंडलेलं खरबूज सरळ केलं.

"माले मालूम शे."

"कोनी सांगं?"

"त्यानीच. दवाखानामा. म्हने, दादानी माले वाचाडाले टाकं. मी ऱ्हातू तं मी बी तेच करतू. दादाले काही बोलू नको."

रुपचंद तिथंच मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. तीन महिने घरात, बायकोसमोरसुद्धा रडला नव्हता. म्हातारीनं त्याला उगी म्हटलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही.

"मी तुले माफ करं का नही, ते माले नही सांगता येत," मग ती म्हणाली. "मना एकच आंडोर व्हता. तुनं तोंड बी देखाले नको वाटस, खरं सांगस. पन तीन दिन तो पाणी पाणी करे. डाक्टरनी चमचाभर बी देऊ दिधं नही. त्याले पाणी जोयजे, रुपचंद. आनि त्याना भाऊ म्हनशी तं तूच."

तिनं तांब्या उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

तो उठला. सवयीनं दोन्ही तळवे आधी खांद्यावरच्या रुमालाला पुसले आणि मग घागरीत पाणी ओतलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. घागर गळ्यापर्यंत आली तरी तो ओततच राहिला. पाणी काठावरून ओघळलं, गव्हावर आलं, तिथून फरशीवर पसरलं.

रुपचंद घाईघाईनं खाली वाकला. खांद्यावरचा रुमाल ओढून फरशी पुसायला लागला. घागरीभोवती पुसलं, आंब्यांखाली पुसलं, गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत गेलेला ओघळ पुसला. रुमाल पिळला आणि पुन्हा पुसायला लागला.

बेबाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," ती म्हणाली. "आठे घरमा पाणी सांडनं तरी चालस."