साधन क्रमांक चार

हिंदनं ते पान तिसऱ्यांदा वाचलं.

नायेफनं ते दुपारीच साइटवर चढवलं होतं. 'साधन क्रमांक चार. तपासणी नाक्यावरच्या एका हत्यारबंद माणसाची साक्ष, १९८३.' खाली अर्धं पान मजकूर. हिरवी प्यूजो गाडी अडवली. चालवणारा बावीसेक वर्षांचा. ओळखपत्रावर धर्म लिहिलेला होता, तेवढं पुरेसं होतं. मागच्या सीटवर निळं कापड होतं. तो म्हणाला, धाकट्या बहिणीचा शाळेचा झगा शिवायचाय, सोमवारी शाळा उघडते. त्याच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती.

ती तार हिंदनंच बांधली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. फादी तिचा एकुलता एक भाऊ. त्या दिवसापासून तो बेपत्ता होता. मेला असं कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

शाळेच्या पुस्तकातला लेबनानचा इतिहास स्वातंत्र्यानंतर थोडक्यात आटोपतो. पुढे पंथापंथांत जुंपलेल्या लढाईत कुणी कुणाला मारलं यावर एकमत होत नाही, म्हणून ते प्रकरणच नाही. ते लिहायला वेगवेगळ्या पंथांचे पाच शिक्षक दोन वर्षं दर मंगळवारी ऑनलाइन जमत होते. एकानं साधन आणायचं, दुसऱ्या पंथातल्यानं तपासायचं, मगच ते देशभरच्या शिक्षकांसाठी खुलं व्हायचं. नियम एकच होता. कोण कोणत्या बाजूला होता, हे कुणी विचारायचं नाही. तो नियम हिंदनंच घातला होता. आणि नाक्यांवरचा हा धडा तिच्याबरोबर करायचा, असं नायेफनं स्वतःहून मागितलं होतं. डोंगरातल्या गावचा, साठीला टेकलेला, हळू बोलणारा माणूस. हिंदला तो सगळ्यांत जवळचा वाटायचा.

चार वाजता पडद्यावर एकेक चेहरा उगवला.

"नायेफ उस्तादांनी गृहपाठ वेळेवर दिला!" सगळ्यांत तरुण मरवान म्हणाला. "आता वीजसुद्धा येईल बघा."

हिंद हसली नाही. "उस्ताद, ही साक्ष कुणाची?"

"सित्त हिंद, बाई, असं विचारायचं नाही, हे तुम्हीच तर..."

"मरवान, गप्प बस."

नायेफ कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. "माझी," तो म्हणाला.

मरवाननं तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"माझं आडनाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," हिंद म्हणाली.

"होतं. ओळखपत्र मीच वाचलं होतं."

"मग दोन वर्षं?"

"दर मंगळवारी ठरवायचो, आज सांगायचं. जीभ रेटायची नाही. शेवटी लिहून काढलं."

"गोळी कुणी घातली?"

"आम्ही तिघं होतो तिथे."

"मी ते विचारलं नाही."

नायेफनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मी."

हिंदला वाटलं होतं, आपण किंचाळू. तिचा आवाज मात्र वर्गात हजेरी घेताना असतो तसाच निघाला. "कुठे आहे तो?"

"आमच्या गावाखाली दगडाची खाण आहे. तिच्या वरच्या बांधावर. चला, मी जागा दाखवतो."

तिनं लॅपटॉप मिटला. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची उम्म फादी. फादीची आई म्हणूनच सगळा मोहल्ला तिला हाक मारायचा, आणि ती ओ द्यायची. हिंद तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. म्हातारीचे हात थांबले. पुन्हा चालू झाले. टोपली रिकामी झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मला नेशील?"

शनिवारी त्या निघाल्या. वाटेत हिंद मनाशी भांडत होती. याच माणसाबरोबर आपण हसलो, धडे लिहिले, आईच्या गुडघ्यांची दुखणी सांगितली. तिला त्याचा गळा धरावासा वाटत होता. आणि तरी चाळीस वर्षांत तोंड उघडणारा हा एकटाच, असंही वाटत होतं. आत कुठेतरी त्याचे आभार होते. त्याची तिला लाज वाटत होती.

नायेफ खाणीपाशी उभा होता. त्यानं बोट दाखवलं. बांधावर ओकचं झाड, खाली काटेरी झुडपं, बस. ना दगड, ना खूण. उम्म फादी हिंदच्या हाताला धरून उतरली, पण तिनं झाडाकडे पाहिलंच नाही. ती नायेफपुढे जाऊन उभी राहिली.

"आई," तो म्हणाला. वाकून तो तिचा हात हातात घेऊ लागला. तिनं हात मागे घेतला.

"तोंड वर कर."

त्यानं केलं. म्हातारी त्याला निरखून पाहत राहिली.

"तू आमच्या घरी येऊन गेलायस."

"कसं शक्य आहे आई," हिंद म्हणाली, "हे कधी..."

"लढाई थांबली त्या उन्हाळ्यात. दारात उभा होतास. मी विचारलं, पोरा, कुणाकडे आलास? तू पाणी मागितलंस. प्यायलास आणि म्हणालास, पत्ता चुकला."

हिंद नायेफकडे वळली. तो नाही म्हणेल म्हणून ती थांबली. त्यानं मान खाली घातली.

उम्म फादीचा आवाज चढला नव्हता.

"पाणी तुला फादीच्या बापानं आणून दिलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षं तो त्याच दारात पोराची वाट बघत बसून होता."