आजीचे फोटो

शहागडला एसटीतून उतरल्या उतरल्या गोजरबाईनं भाच्याच्या खांद्यावरची बॅग धरली. मुलगी बघायला निघालेल्या पोरानं पेचकस, वायरी अन् सीड्यांचं हे बोचकं कशाला आणावं, असं तिचं म्हणणं. मच्छिंद्र नुसता हसला. अंबडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बॅगेशिवाय बाहेर पडलं की त्याला उघडंउघडं वाटायचं.

आत्याची धास्ती वेगळीच होती. याआधीच्या ठिकाणांहून नकारच आले होते, कारण एकच: पोराला नोकरी न्हाई, दुरुस्त्या करतो. ही शहागडची सत्यशीला मात्र मच्छिंद्रच्या मनात पक्की बसली होती. औरंगाबादला शिकलेली, फोटोत सरळ कॅमेऱ्याकडं बघणारी. तो फोटो पठ्ठ्यानं आत्याला परतच दिला नव्हता. हे ठिकाण हुकलं तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात पागोटंवाला एक म्हातारा आडवा आला. भिवा म्हणत त्याला. अंबडचे कॉम्प्युटरवाले तुम्हीच का, असं त्यानं विचारलं. बॅगेवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात होतं, त्यामुळं मच्छिंद्रला नवल वाटलं नाही.

म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं मांडलं. त्याच्या घरचा कॉम्प्युटर पुतण्याच्या खताच्या दुकानात ठेवलेला, आणि सकाळपासून तो धड सुरू होत नव्हता.

"म्हातारीचे समदे फोटो त्यातच हायेत, भाऊ," म्हणत त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "काय सांगू तुमाला."

झालं. मच्छिंद्र पाघळला. आत्यानं डोळे वटारले, पण त्यानं तिला मुलीच्या घरी पुढं धाडलं आणि आलोच म्हणून म्हाताऱ्यामागं निघाला. असल्या माणसाचं लग्न जमावं तरी कसं!

कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम होत्या, विंडोज आणि लिनक्स. मशीन चालू केली की दोन्हींची नावं यायची. विंडोज गुमान सुरू व्हायचं. लिनक्स निवडलं की काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत एक एरर, आणि पुढं सगळं ठप्प. फोटो नेमके लिनक्सच्या बाजूला होते.

मच्छिंद्रनं बॅगेतली दुरुस्तीची सीडी काढली आणि मशीन सीडीवरून सुरू केली. मशीन जुनी, सीडी रडतखडत वाचत होती. मोबाइल वाजला. आत्याच होती. तिकडं चहा झाला होता आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता.

स्टुलावर बसलेला भिवा सगळं बघत होता.

"जल्दी असंल तर फॉरमॅट मारा न, भाऊ. समदे तेच करतात म्हणं."

खरंच होतं ते. बाजारातला कुणीही दुरुस्तीवाला सगळं पुसून, नव्यानं भरून केव्हाच मोकळा झाला असता. मच्छिंद्रला सत्यशीलेचा चेहरा आठवला. तरी त्यानं मान हलवली.

"मशीन चालू होईल, बाबा. पण आजी पुसून जातील."

पुन्हा मोबाइल वाजला. या खेपेला आत्याचा आवाज रडवेला होता. ती म्हणाली, "समदे एकमेकाकडं बघून हसून राह्यलेत. मला इथं बसवत न्हाई रे." तरी मच्छिंद्रनं खुर्ची सोडली नाही.

शेवटी दोष सापडला. लिनक्स डिस्कच्या कुठल्या भागात आहे हे मशीनला सांगणारा आकडाच चुकीचा होता. सहाच्या जागी पाच. त्यानं तो नीट केला, मशीन पुन्हा चालू केली आणि लिनक्स सुरळीत उघडलं. पण हे त्याला खटकलंच.

"हा आकडा आपोआप बदलत न्हाई, बाबा. ज्यानं बदलला त्याला यातलं बराबर कळतं. घरात हाय का असं कुणी?"

"मला तर माउस बी धरता येत न्हाई," भिवा म्हणाला.

पहिलाच फोटो उघडला. नऊवारीतली आजी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढचा एक दात पडलेला, हसून हसून डोळे मिटलेले. मच्छिंद्रनं नकळत हात जोडले. भिवानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे गदगद हलत होते. त्याला धीर देऊन मच्छिंद्र पळत सुटला.

घाईत दोनदा गल्ली चुकून तो मुलीच्या घरी पोचला, तेव्हा नव्या शर्टावर धुळीचे पट्टे उमटले होते. आत्याचं तोंड एवढंसं झालं होतं. गेलं हेही ठिकाण, असं मनाशी म्हणत तो मान खाली घालून बाजेवर टेकला.

समोर पोह्यांची ताटली आली. धरणारा हात सुरकुतलेला होता. मच्छिंद्रनं मान वर केली. रुपयाएवढं कुंकू. पुढचा एक दात पडलेला. मागं भिवा तोंडावर सोगा धरून उभा होता.

"खा बाळा," म्हातारी म्हणाली. "आकडा आमच्या सत्यशीलेनं बदलला व्हता. तू फॉरमॅट मारला असता, तर दारातूनच वापस धाडा म्हणली व्हती."