पट्टी सुटायचा दिवस

"रडायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवायची नाही," डॉक्टरांनी मंजुळाबाईंना बजावलं. "ताण आला की टाका तुटेल. मग देवालाही नजर देता येणार नाही."

चिखलीच्या शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं. साल चौसष्ट. लेझरच्या किरणांनी चुटकीसरशी डोळा दुरुस्त व्हायचा जमाना फार लांब होता. तेव्हा मोतीबिंदू पात्यानं काढायचे आणि दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून माणसाला आठवडाभर उताणं निजवायचे. मंजुळाबाई तयारच नव्हत्या. हट्ट नवऱ्याचा, उकंडरावांचा.

"पंजाबची बायको आता मीच डोयानं पाहून आणीन," पडल्या पडल्या त्या म्हणाल्या. "तुमाले गाय पारखता येते, सून नाही."

पंजाब त्यांचा एकुलता एक.

दुसऱ्याच दिवशी गावाकडून, बीबीहून, शेजारचा कादर आला. त्यानं उकंडरावांना फाटकाबाहेर नेलं, त्यांचा हात घट्ट धरला.

"काका, पंजाबले साप डसला. वावरातच गेला."

"गाय अडली हाय, जाऊन येतो," एवढंच उकंडराव बायकोला म्हणाले. पोराला अग्नी दिला, डोकं भादरलं आणि सुतकातच ते परत आले. पट्टीआड तिला काय दिसणार होतं!

"पंजाब काऊन नाही आला?"

"जवारी कापून राह्यला."

"जेवते ना वेळेवर?"

"हाव."

उकंडराव कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. गाय विकताना सगळेच बोलतात. पण हे खोटं जिवावरचं होतं. रडू आवरेना की ते शाळेमागे जायचे. तिच्या वाटचंही तेच रडत होते.

पट्टी सुटायच्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. तोंडानं सांगणं आपल्याच्यानं व्हायचं नाही. पागोटं काढून समोर बसायचं. भादरलेलं डोकं पाहिलं की ती समजेल.

डॉक्टर रांगेनं येत होते. पट्टी सोडायचे, जाड भिंगांचा चष्मा चढवायचे, बोटं धरायचे.

"किती?"

"दोन."

पुढची खाट.

"किती?"

"दोन."

मंजुळाबाईंची खाट शेवटची होती.

"किती?"

"दोन," त्या चटकन म्हणाल्या. डॉक्टर समाधानानं निघून गेले.

उकंडराव पुढे सरकले. पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि बोडकं डोकं तिच्यासमोर धरलं.

"दिसते ना?"

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे तोंड केलं आणि हसल्या.

"हाव, सारं दिसते. तुमची मेहनत वाया नाही गेली. पण केस किती पांढरे झाले हो तुमचे! पंजाबच्या लग्नात बाया मले हासतीन."