बेचाळीस कावळे

साखराबाईच्या दहाव्याला कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. दुधना नदीच्या काठच्या बाभळीवर एकोणचाळीस बसले होते. ते तिच्या लेकाने, बिरूने मोजले. साहेबरावांनी मोजले तेव्हा बेचाळीस भरले. साहेबराव भावकीत सगळ्यांत थोरले, म्हणून बेचाळीसच धरले. तर बेचाळीस कावळे, आणि एकाच्याही चोचीतून काव नाही.

खाली पत्रावळीवर पिंड. शेजारी भाकर, ठेचा, आणि साखराबाईच्या कपात चहा. चहावर साय धरली होती. तिच्यावर माशीसुद्धा बसत नव्हती.

"माय, तुझी मेंढरं इकणार न्हाई," बिरू हात जोडून म्हणाला.

कावळे गप्प.

"तुझ्या नावानं पाणपोई घालतो."

गप्प.

"रेणूवर आवाज चढवणार न्हाई."

बायका पदराआड हसल्या. बिरूची बायको रेणू हसली नाही. कावळेही गप्पच.

साहेबरावांनी सूर्याकडे पाहिलं. "बारा वाजले की दर्भाचा कावळा करावा लागंल. पण सांगून ठेवतो, दर्भाच्या कावळ्यावर भागवलं की गेलेलं माणूस एकटं जात न्हाई. वर्षाच्या आत संगं कोणाला तरी नेतं. आन् साखराबाईला तर बोलायला संगत लागायचीच."

हसणं थांबलं. प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहून घेतलं.

रेणू मात्र झाडाकडे पाहत होती. "अहो," ती बिरूला हळूच म्हणाली, "कावळे पिंडाकडं बघूनच न्हाई राह्यले."

खरंच होतं. बेचाळीसच्या बेचाळीस माना पलीकडे वळल्या होत्या. पलीकडे लिंबाच्या खोडाला टेकून तातेराव गुरुजी बसले होते. गुरुजी रिटायर झालेले, घरात एकटे. साखराबाईच्या दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे गुरुजींचं दार. गुरुजी बौद्ध; पिंड, कावळा यातलं काही मानत नव्हते. "बाई शेजारीण होती म्हणून आलो. कावळ्यासाठी न्हाई," असं सकाळीच सांगून ते लांब जाऊन बसले होते.

तेव्हापासून ते हलले नव्हते. मांडीवरच्या पेपरची पानं वारा उलटत होता. एक मुंगळा त्यांच्या बोटावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत शिरला. हात तसाच.

"झोपले असतील," बिरू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

"दहा दिवस झाले," रेणू म्हणाली.

"कशाला?"

"आत्याबाई रोज दिवस उगवताना दारातून वरडायच्या, गुरुजी, हायेत का गेले? तिकून गुरुजी म्हणायचे, हाये बाई, हाये. मंगच आत्याबाई चूल पेटवायच्या. दहा दिवस झाले, कोणीच इचारलं न्हाई."

लिंबाकडे जायला कोणाचा पाय उचलेना.

सात वर्षांत साहेबरावांनी या सुनेचा आवाज ऐकला नव्हता. रेणूने डोक्यावरचा पदर सावरला, दोन पावलं पुढे आली आणि ओरडली, "गुरुजी!"

बाभळीवर एक पीस हललं नाही.

"गुरुजी, हायेत का गेले?"

या खेपेला बिरूचे जोडलेले हात सुटले. आवाज रेणूचा होता, हेल थेट त्याच्या मायचा. पाठीमागे कोणीतरी लेकराला पोटाशी ओढून घेतलं.

गुरुजींच्या मांडीवरचा पेपर घसरून मातीत पडला. उचलायला हात आला नाही.

"हायेत का गेले?" तिसऱ्यांदा रेणूचा आवाज चिरकला. "सांगा ना, गुरुजी!"

लिंबाखालून आधी खोकला आला. मग, खोल विहिरीतून यावा तसा आवाज:

"हाये... हाये बाई, हाये."

फडफड झाली. एकच कावळा सरळ खाली आला. त्याने पिंडात चोच घातली, साय बाजूला सारून चहा चाखला. ठेच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी शेवटी साखराबाईलाही तिखट सोसत नव्हतं.

गुरुजी मुंगळा झटकत आले. चष्म्याखालून बोट फिरवून डोळे पुसले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"योगायोग आहे," ते म्हणाले. "बिलकुल योगायोग. कावळ्याला भूक लागल्ती."

"व्हय, गुरुजी," साहेबराव एवढंच म्हणाले.

गुरुजी चार पावलं गेले, थांबले आणि मागे वळून रेणूला विचारलं, "उद्या किती वाजता?"

"चुलीच्या आधी," रेणू म्हणाली.

माणसं घराकडे निघाली. बाभळीवर एक्केचाळीस उरले होते. एकही उडाला नाही. माना वळवून ते तसेच बसून राहिले, उद्याची हाक ऐकायला.