हिरवी रेघ

पासष्टाव्या वर्षी मला माझ्या नातीने, मयुरीने, वाचायला शिकवलं. शिकवताना तिने कधी आवाज चढवला नाही. अजूनही मी ओळीखाली बोट फिरवतो, जोडाक्षरापाशी अडतो आणि मागे जाऊन शब्द पुन्हा धरतो. ती हसायची, "आबाजी, फसली तुमची बैलबंडी!"

ती विद्यापीठात शिकते. सुट्टीत गावी, देवळीला आली तेव्हा तिने ओसरीत मला मोबाईलवरचा अभ्यास दाखवला. धडा वाचताना आपण कुठे थांबलो, कुठे मागे फिरलो, ते त्यात एक हिरवी रेघ दाखवते.

"मी कुठं कच्ची आहो, ते दिसते. मंग पुढं काय वाचाचं, ते मीच ठरवतो," ती म्हणाली.

रेघ प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबली होती. मागे गेली होती. पुन्हा निघाली होती.

मयुरी तर घडाघडा वाचते.

"हे तुह्यं वाचणं नाई," मी म्हणालो. "हे माह्यं आहे. मी तं तुह्या मोबाईलले हातबी लावला नाई."

ती मोबाईल खाटेवर ठेवून वेणी घालू लागली.

खाटेवरच्या मोबाईलवर नवा धडा उघडला. कुणी हात लावला नव्हता. रेघ चालू लागली.

मांडीवर माझं बोट सरकत होतं. मी ते दुसऱ्या हाताने दाबून धरलं. रेघ थांबली.

"काऊन केलं वं हे, पोरी?"

तिने वेणी सोडली, जवळ बसून माझं बोट हळूच मोकळं केलं.

"चालू द्या, आबाजी. परीक्षा जवळ आली. माह्ये धडे तुमच्याच बोटानं वाचून होतात. याच्यासाठीच तं तुमाले वाचाले शिकवलं."