निम्म्या पगाराची झोप

बाहेरून आलेल्या सुताराचा पगार स्थानिकांच्या निम्मा होता, तेव्हा छप्पर उडालं तरी तो झोपेतून उठत नसे. पगार मुंगीच्या पावलाने वाढला, आणि बारा वर्षांनी आज पाकिटात स्थानिकांइतकाच निघाला. तो तडक मुकादमाकडे गेला. "साहेब, चूक झालीय, जास्तीचे परत घ्या." "चूक नाही," मुकादम हसला. "आता तू आमच्यातलाच. हा नवा कालच बाहेरून आलाय, याला शिकव." "पगार किती ठरला?" सुताराने नव्याला हळूच विचारलं. "तुमच्या निम्मा, दादा." सुतारालाही एका स्थानिक म्हाताऱ्याने शिकवलं होतं. म्हातारा रोज कुरकुरायचा, "अजून जमलं नाही." ज्या आठवड्यात तो "जमलं" म्हणाला, त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला घरी बसवलं. नव्याने खुर्चीचा सांधा बसवला. त्यात केससुद्धा शिरला नसता. सुताराने सांध्यावरून बोट फिरवलं. "अजून जमलं नाही रे."